जुन्या ड्रम ब्रेकचं पूर्ण काम: आधी रबर, मग लायनर, शेवटी एअर

पद्मिनी किंवा अँबॅसडरचे ब्रेक कमी लागायला लागले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: नवे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, चढवायचे. थोडे दिवस गाडी बरी थांबते, मग एका बाजूला ओढायला लागते. ड्रम उघडला की नवाकोरा लायनर ब्रेक ऑइलने भिजलेला दिसतो, कारण गळका व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणारा भाग, आत तसाच राहिलेला असतो. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा तापवून परत बसवला तरी तो पुन्हा धड लागत नाही. पैसे वाया जातात आणि दोष लायनरवर येतो.

जुन्या गाडीत घर्षणाचे भाग झिजतात ते दिसतात तरी. खरा धोका न दिसणाऱ्या जागी असतो: सिलिंडरमधले कडक झालेले रबर कप, आतून सुजलेला होज (लवचीक रबरी नळी), क्लिपखाली गंजलेला पाइप आणि वर्षानुवर्षं पाणी शोषत आलेलं ऑइल. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी हायड्रॉलिक बाजू पूर्ण नीट करायची, मग ड्रम आणि लायनर, मग शू (लायनर बसवलेल्या कमानी) ॲडजस्ट करायचे, आणि सगळ्यात शेवटी एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढायची. हा क्रम उलटला की तेच काम दोनदा करावं लागतं.

इथे चारही चाकांना ड्रम, एकच हायड्रॉलिक सर्किट आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेली गाडी धरली आहे. एकच सर्किट म्हणजे एका चाकाचा सिलिंडर फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. हँडब्रेकवर वेगातली गाडी थांबवता येईल या भरवशावर राहू नका. पुढे डिस्क किंवा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा मुख्य सिलिंडर) असलेल्या गाड्यांना यातल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतात, सगळ्या नाहीत.

## तयारी: सामान हातात आल्याशिवाय चाक काढू नका

गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवून, ब्रेक उघडून आठवडाभर सुट्या भागांची वाट बघणं ही सर्वात नेहमीची चूक. तेवढ्या काळात उघड्या पाइपांत दमट हवा जाते, सुटे भाग इकडचे तिकडे होतात, आणि कोणती स्प्रिंग कुठली होती हे आठवत नाही. आधी सामान गोळा करा:

- चारही चाकांचे ब्रेक शू किंवा लायनर. निदान एका एक्सलची जोडी एकाच वेळी, एकाच जातीच्या लायनरची हवी.
- सगळे व्हील सिलिंडर. पुढच्या प्रत्येक चाकात दोन असतील तर गाडीत एकूण सहा, नाहीतर चार.
- तीन होज: पुढे दोन, मागच्या एक्सलसाठी एक.
- मास्टर सिलिंडर, किंवा जुन्याचा बोअर (आतलं गोल भोक) चांगला असेल तर त्याचं रबर किट.
- नवे तांब्याचे वॉशर, ब्लीडर निपल (एअर काढायच्या तोट्या) आणि त्यांच्या रबरी टोप्या, रिटर्न स्प्रिंग, स्प्लिट पिन.
- ब्रेक ऑइल १ लिटर, ५०० मिलीच्या दोन सीलबंद बाटल्यांत.
- रेड रबर ग्रीस, आणि जास्त तापमान सोसणारं ग्रीस थोडंसं.

पान्यांमध्ये पाइप नटसाठीचा फ्लेअर पाना नक्की घ्या. तो रिंग पान्यासारखाच असतो, पाइपवरून आत जायला तोंड कापलेलं असतं. साध्या ओपन पान्याने जुना पाइप नट फिरवला की त्याचे कोपरे झिजतात, आणि मग पाइप कापण्यावाचून मार्ग उरत नाही. ब्लीडर निपलसाठी सहा कोनी सॉकेट वापरा.

### सामान घेताना काय तपासायचं

पुण्याची नाना पेठ, मुंबईचं ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचा कश्मीरी गेट, कुठूनही घ्या, पण तीन गोष्टी दुकानातच बघा.

पहिली, सिलिंडरचा बोअर. पुढचे आणि मागचे व्हील सिलिंडर बाहेरून सारखे दिसतात, पण त्यांचा व्यास बऱ्याचदा वेगळा असतो. माप अनेकदा अंगावर ठसवलेलं असतं. नसेल तर व्हर्निअर लावा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, सात अष्टमांश म्हणजे २२.२ मिमी. पुढे लहान आणि मागे मोठा सिलिंडर लागला तर मागची चाकं आधी जॅम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते.

दुसरी, आटे. इंग्रजी आराखड्यावरच्या अँबॅसडरला इंची आटे अपेक्षित असतात, फियाटच्या आराखड्यावरच्या पद्मिनीला मेट्रिक. पण मधल्या वर्षांत कोणी काय बसवलंय याची खात्री नसते. ३/८ इंची २४ आट्यांचा नट आणि १० मिमी व्यासाचा १ मिमी पिचचा नट डोळ्यांना सारखेच वाटतात. इंची नट मेट्रिक भोकात सैलसर शिरतो, चार फेरे घेतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोराचा ब्रेक मारताना आटे सोडतो. नट हाताने शेवटपर्यंत सरळ फिरला पाहिजे, आणि डुलता कामा नये.

तिसरी, रबराचं वय. "जुना ओरिजिनल स्टॉक" म्हणून मिळणारा सिलिंडर धातू म्हणून उत्तम असतो, पण त्यातले कप डब्यातच म्हातारे झालेले असतात. असा सिलिंडर घेतला तर आतलं रबर नव्या किटने बदलूनच बसवा. होजवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. ती पुसट किंवा फार जुनी असेल तर तो होज घेऊ नका.

### ऑइल कोणतं

डॉट ३ किंवा डॉट ४. दोन्ही ग्लायकॉलची आहेत आणि एकमेकांत मिसळतात. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असतो. ऑइलमध्ये ३.७ टक्के पाणी शिरलं की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरताना ड्रम इतके तापतात की जुन्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. ब्रेक ऑइल बदलायचं ते यासाठी.

सावधान: डॉट ५ हे सिलिकोनचं आहे. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. जुनं ऑइल असलेल्या सर्किटमध्ये ते कधीही ओतू नका. डॉट ५.१ चं नाव जवळचं असलं तरी ते ग्लायकॉलचंच आहे. इंजिन ऑइल, पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबसुद्धा हायड्रॉलिक भागांना लागू देऊ नका. रबर फुगतं आणि सगळे कप बाद होतात. आतले भाग धुवायला नवं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, इतकंच.

## टप्पा १: उघडण्याआधी निदान

गाडी चालती असेल तर मोकळ्या, सपाट जागी हळू वेगात ब्रेक लावून बघा आणि नोंद करा. एका दाबात पेडल खाली जातं आणि दोन-तीन पंप मारल्यावर वर येऊन घट्ट होतं, तर शू सैल आहेत. पंप मारूनही पेडल लुसलुशीत राहतं, तर आत एअर आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकतं, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा कप आतून सोडतोय.

चाक जॅम राहत असेल तर ही कसोटी आधी करा, कारण सगळं सुटं केल्यावर ती करता येत नाही. चाक उचलून ब्रेक दाबा, सोडा. चाक फिरत नसेल तर त्या चाकाचा ब्लीडर निपल जरा उघडा. चाक मोकळं झालं नाही, तर दोष स्प्रिंग, शू किंवा हँडब्रेकच्या केबलमध्ये आहे. मोकळं झालं, तर आत दाब अडकलेला होता. आता निपल बंद करून पुन्हा ब्रेक लावा आणि या वेळी होजच्या चासीकडच्या टोकाचा पाइप नट सैल करा. चाक तरीही जॅमच राहिलं, तर होज आतून सुजून बंद झालाय. मोकळं झालं, तर मास्टर सिलिंडरकडे बघा. चारही चाकं एकदम धरत असतील तर दोष बहुधा तिथेच, किंवा पुशरॉडच्या (पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतच्या दांड्याच्या) मोकळेपणात असतो.

## टप्पा २: गाडी उचलणं

जमीन सपाट आणि टणक हवी. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट अर्धा फेरा सैल करा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावा, जॅकने उचला आणि घोड्या लावा. जागा चासीच्या किंवा एक्सलच्या भक्कम भागाखाली निवडा. जुन्या गाडीचा फ्लोअर वरून रंगवलेला आणि आतून कुजलेला असू शकतो. खाली शिरण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर काम करू नका.

हँडब्रेक मागच्या शूंवर चालत असेल तर तो सोडा आणि केबलचा ॲडजस्टर पूर्ण सैल करा.

## टप्पा ३: जुनं ऑइल काढणं आणि निपल सोडवणं

चाकं काढून चारही ब्लीडर निपलना गंज सोडवणारं ऑइल लावून रात्रभर ठेवा. सकाळी निपलच्या डोक्यावर हलके ठोके मारा आणि आधी किंचित घट्ट दिशेला, मग सैल दिशेला पाना फिरवा. सुटले की निपलला नळी लावून पेडलने जुनं ऑइल बाटलीत काढा. ते चहासारखं तपकिरी किंवा गढूळ असेल तर आत गंज आहे हे धरून चाला.

निपल तुटला तरी चिडू नका. सिलिंडर बदलायचाच आहे. जुना सिलिंडर ठेवण्याच्या मोहात तुटक्या निपलमध्ये ड्रिल घालत बसण्यात अर्थ नाही.

ब्रेक ऑइल रंग खातं. मडगार्डवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, कोरड्या फडक्याने घासू नका.

## टप्पा ४: ड्रम उतरवणं

ड्रम निघत नाही म्हणून त्याच्या कडेवर घण घालणं ही दुसरी नेहमीची चूक. ड्रम बिडाचा असतो, कडेचा तुकडा उडतो. ड्रम अडकतो तो बहुधा दोन कारणांनी: आत झिजेने कड तयार झालेली असते आणि शू त्या कडेमागे अडकतात, किंवा हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) गोलाशी गंज धरलेला असतो. आधी शूचे ॲडजस्टर पूर्ण सैल करा. मग हबच्या कडेला गंज सोडवणारं ऑइल घालून स्टडच्या मधल्या सपाट भागावर लाकडी मोगरीने गोल गोल ठोकत जा. ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे पिळा. काही गाड्यांत हब आणि ड्रम एकत्र असतात. तिथे मागे पुलरच लागेल आणि पुढे व्हील बेअरिंग काढावं लागेल.

धुळीबद्दल: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, कम्प्रेसरची हवा मारू नका, कोरडा ब्रश फिरवू नका. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने धूळ भिजवा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आतला भाग पुसण्याआधी ओल कसली आहे ते ओळखा. एक थेंब पाण्याच्या पेल्यात टाका. विरघळला तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. वर तरंगला आणि उग्र वास येत असेल तर तो मागच्या एक्सलचा गिअर ऑइल, म्हणजे एक्सलचा ऑइल सील गेलाय. सील न बदलता शू बसवले तर नवे लायनर पुन्हा भिजणार.

## टप्पा ५: शू काढणं

एका वेळी एकाच चाकाचं काम करा. त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाचे शू जोडलेले राहू द्या, ते तुमचा नकाशा आहेत. फक्त उजवी-डावी बाजू आरशातल्यासारखी उलटी असते हे लक्षात ठेवा. स्प्रिंग कोणत्या भोकात, शूच्या पुढून की मागून, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

दोन शूंचे लायनर लांबीला वेगळे असतील तर कोणता पुढे आणि कोणता मागे ते बाणाने लिहून ठेवा. पुढच्या चाकात दोन सिलिंडर असतील तर प्रत्येक सिलिंडर एकाच शूला ढकलतो, आणि गाडी पुढे जाताना दोन्ही शू ड्रममध्ये ओढले जातात. ही मांडणी डावी-उजवी बदलली तर दोन्ही शू ड्रमपासून दूर ढकलले जातात. पेडल कडक लागतं, एअर नसते, गळती नसते, आणि गाडी थांबत नाही. हा दोष शोधायला फार त्रास होतो, म्हणून काढतानाच खूण करा.

निळसर झालेली किंवा वेटोळ्यांत फट पडलेली रिटर्न स्प्रिंग परत वापरू नका.

## टप्पा ६: व्हील सिलिंडर

पाइप नट सोडवल्यावर पाइपच्या टोकाला रबरी टोपी किंवा स्वच्छ बूच लावा. उघड्या टोकात कापूस कोंबू नका, त्याचे धागे आत राहतात.

जुना सिलिंडर ठेवायचाच असेल तर पिस्टन काढून बोअर टॉर्चने बघा. हलका डाग असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल दिशेने फिरवा. नखाला खड्डा लागला की सिलिंडर बाद. घासून खड्डा काढायला गेलात तर बोअर मोठा होतो आणि नवा कपही गळतो. कोकण-गोव्यात, किंवा महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत खड्डे बहुधा कप जिथे थांबतो तिथेच सापडतात.

जोडताना कप आणि बोअर नव्या ब्रेक ऑइलने ओले करा. कपाची ओठासारखी कड ऑइलच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बाजूला हवी. कप बोटांनीच बसवा. स्क्रूड्रायव्हरने ढकलला तर कडेला न दिसणारी चीर पडते. बाहेरच्या रबरी कव्हरच्या आत थोडं रेड रबर ग्रीस लावा. ते रबराला चालतं आणि ओलाव्याला अडवतं. साधं ग्रीस इथे चालत नाही.

तपासा: शू लागेपर्यंत पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून सिलिंडरला रबर बँड किंवा तार बांधा. पेडलला "दाबू नका" अशी चिठ्ठी अडकवा.

## टप्पा ७: होज आणि पाइप

बाहेरून चांगला दिसतो म्हणून होज ठेवून देणं महागात पडतं. तो आतून सुजतो. दाबाने ऑइल पुढे जातं, पण शूच्या स्प्रिंगांना ते परत ढकलायला जमत नाही, आणि चाक तापत राहतं. होज पक्कडीत आवळून ऑइल थांबवण्याची सवयही आतला थर तोडते.

होज नेहमी चाकाकडच्या टोकापासून बसवा: नवा तांब्याचा वॉशर घालून सिलिंडरमध्ये घट्ट करा. मग दुसरं टोक चासीच्या ब्रॅकेटमध्ये घाला, होजचा षटकोन एका पान्याने धरून लॉकनट आवळा, आणि शेवटी धातूचा पाइप जोडा. होजवर छापलेली रेघ सरळ दिसली पाहिजे. पीळ दिसला तर पुन्हा सोडा. नंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि सस्पेन्शन लोंबतं व दाबलेलं अशा दोन्ही स्थितींत होज कुठे घासत नाही ना ते बघा.

स्टीलच्या पाइपांवरचा चिखल काढून क्लिपखालची जागा नक्की बघा. गंज तिथेच खातो. नवा पाइप करायचा तर जुन्याच्या टोकाची घडी बघून तशीच करून घ्या. दुहेरी शंकूची घडी आणि बुडबुड्यासारखी घडी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तुटलेल्या पाइपला झाळून किंवा मध्ये रिंग घालून जोड देणं या कामात अजिबात चालत नाही, पूर्ण तुकडा बदला.

## टप्पा ८: मास्टर सिलिंडर

नवा बसवा किंवा किट घाला, दोन बारीक गोष्टी चुकू नका. एक, टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात. त्यातलं सुईच्या टोकाएवढं भोक सर्वात महत्त्वाचं आहे. पेडल सोडल्यावर दाब त्यातून टाकीत परततो. ते कचऱ्याने बुजलं, किंवा पिस्टन पूर्ण मागे येत नसल्याने कपाने झाकलेलंच राहिलं, तर चालता चालता चारही ब्रेक धरतात. म्हणून पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण १ मिमी मोकळीक ठेवा. पेडलच्या टोकाला ती पाच-सहा मिमी इतकी जाणवते. पेडल "लगेच लागावं" म्हणून ही मोकळीक काढून टाकणं हे ब्रेक जॅम होण्याचं ठरलेलं कारण आहे.

दोन, ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो पाइपमध्ये थोडा दाब राखतो, त्यामुळे व्हील सिलिंडरचे कप भिंतीला टेकून राहतात. किट घालताना तो व्हॉल्व्ह बाकावरच राहून गेला की नंतर कितीही एअर काढली तरी पहिल्या दाबाला पेडल खाली जातं.

गाडीत बसवण्याआधी सिलिंडर शिकंजात धरा, ऑइल भरा आणि पिस्टन हळूहळू ढकलून आतले बुडबुडे काढून घ्या.

## टप्पा ९: ड्रम आणि लायनर

ड्रममध्ये खाचा, कडेला उंचवटा किंवा निळे डाग असतील तर तो लेथवर टर्निंगला द्या. मर्यादा मॅन्युअलमध्ये किंवा ड्रमवर दिलेली असते. न मिळाल्यास मूळ व्यासापेक्षा १.५ मिमीपुढे जाऊ नका. एकाच एक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे करा, नाहीतर गाडी ओढेल.

ड्रम मोठा झाला की शूची गोलाई त्याच्यापेक्षा कमी पडते. ड्रममध्ये आतून खडू फासा, शू हाताने दाबून मागे-पुढे सरकवा आणि लायनर बघा. खडू फक्त मध्यावर लागला तर टर्निंगनंतर लायनर जाड घेऊन गोलाई जुळवून घ्यायला हवी. फक्त दोन टोकांना लागला तर ब्रेक झटक्याने धरतील आणि किंचाळतील. बहुतांश लांबीवर लागेपर्यंत लायनरवाल्याकडून घासून घ्या. लायनर आणि शूमध्ये फट नको. रिव्हेट मध्यापासून टोकांकडे मारायचे. जुना लायनर रिव्हेटच्या डोक्यापासून १ मिमीच्या आत आला की तो बदलायचाच.

नव्या किंवा टर्निंग केलेल्या ड्रमवर तेलाचा हात असतो. ब्रेक क्लीनरने धुऊन पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा.

## टप्पा १०: जोडणी आणि ॲडजस्टमेंट

बॅकप्लेटवर (शूमागच्या स्थिर तबकडीवर) शू जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर जास्त तापमानाचं ग्रीस पुसट लावा, ढीग नको. लायनरला तेलकट बोट लागू देऊ नका. शू मध्यावर आणून ड्रम चढवा. पुढे टेपर बेअरिंग असेल तर चाक फिरवत नट घट्ट करा, मग मॅन्युअलप्रमाणे मागे सोडा आणि नवी स्प्लिट पिन घाला.

आता ॲडजस्टर फिरवत चाक पूर्ण अडेपर्यंत न्या. नंतर हलकी घासाघीस ऐकू येईल, पण चाक हाताने फिरेल, इतकंच मागे सोडा. एका चाकात दोन ॲडजस्टर असतील तर एका वेळी एक. हे एअर काढण्याआधी करायचं. शू सैल असताना पिस्टनना लांबचा पल्ला गाठावा लागतो, पेडल खाली जातं, आणि माणूस नसलेली एअर काढत ऑइल संपवतो.

हँडब्रेकची केबल शेवटी आवळा. आधी आवळली तर शू केबलनेच उघडे धरले जातात आणि ॲडजस्टमेंट खोटी होते.

## टप्पा ११: एअर काढणं

मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. सिलिंडर उजवीकडे असलेल्या गाडीत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. पेडलवर एक माणूस, चाकाशी एक. चाकाकडचा म्हणतो "दाब", पेडलवाला हळू दाबतो आणि धरून ठेवतो. निपल पाव ते अर्धा फेरा उघडा, ऑइल येऊ द्या, निपल बंद करा, मगच म्हणा "सोड". निपल उघडा असताना पाय सुटला की तेवढी एअर परत आत जाते. प्रत्येक दाबानंतर दोन-तीन सेकंद थांबा.

मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी पोहोचत नाही त्या भागात गंज असतो, आणि एअर काढताना पूर्ण पेडल दाबलं की कपाची कड त्यावर फाटते. "एअर काढायला दिली आणि मास्टर सिलिंडर गेला" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. दर पाच-सहा दाबांनी भरा. बाटलीत निघालेलं ऑइल पुन्हा वापरू नका, उघडून महिनोन्महिने ठेवलेली बाटलीही नको. पावसाळ्यात तर मुळीच नको. नळीत सलग बुडबुड्यांशिवाय स्वच्छ ऑइल आलं की पुढच्या चाकाकडे जा.

तपासा: टाकीचं झाकण काढून आत बघत असताना पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. सुरुवातीलाच ऑइलचा छोटा उमाळा वर आला तर ते बारीक भोक मोकळं आहे. तोंड फार जवळ नेऊ नका.

## टप्पा १२: उभ्या गाडीवर परीक्षा

पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. ते सरकता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्याने प्रत्येक जोड, होज आणि बॅकप्लेटच्या खालच्या कडेला कोरडा टिश्यू कागद लावून बघावा. ओलसर डाग दिसला तर तो जोड सोडून पुन्हा बसवा, नुसता आवळत सुटू नका. पेडल सोडल्यावर चारही चाकं हाताने फिरली पाहिजेत. गाडी जमिनीवर उतरवून चाकांचे नट आडवे-तिडवे आवळा.

## टप्पा १३: रस्त्यावर

पहिले ब्रेक चालण्याच्या वेगात. नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत मध्यम दाबाने, असे पंधरा-वीस वेळा. प्रत्येक दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट ब्रेक न लावता गाडी चालवा म्हणजे ड्रम थंड होतील. चाक जॅम होईपर्यंत दाबू नका आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नका. परतल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, न टेकवता. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम असेल तर टप्पा १ ची निपलची कसोटी त्या चाकावर करा.

लायनर पूर्ण बसेपर्यंत, साधारण ३०० किमी, लोड घेऊन घाटात जाऊ नका. त्यानंतर शू पुन्हा ॲडजस्ट करा, कारण नवे लायनर सुरुवातीला लवकर घासतात आणि पेडल थोडं खाली येतं. त्याच वेळी एक मागचा ड्रम उघडून सिलिंडरची रबरी कव्हरं कोरडी आहेत का ते बघा. ऑइल दर दोन वर्षांनी बदला. समुद्रकाठी किंवा बहुतेक वेळ उभ्या असणाऱ्या गाडीत दरवर्षी, पावसाळा संपल्यावर.